जुन्या इटालियन गाडीला नवे टायर टाकले आणि गाडी बिघडली? आधी हे तपासा

उत्तर इटलीतल्या ज्या गॅरेजात मी काम करतो, तिथे मार्च-एप्रिल आला की एकाच तक्रारीची रांग लागते. हिवाळाभर झाकून ठेवलेली आल्फा, लान्चा किंवा फियाट मालकाने बाहेर काढलेली असते. मधल्या काळात टायर नवे टाकलेले असतात आणि गाडी 'पहिल्यासारखी राहिली नाही'. मालक स्टेअरिंग बॉक्स उघडायच्या तयारीनेच आलेला असतो. बहुतेक वेळा स्टेअरिंग बॉक्सला हातही लावावा लागत नाही. टायर खराब असतो असंही नाही. तो त्या गाडीचा नसतो, इतकंच.

लक्षणं

- गाडी उभी असताना किंवा पार्किंगमध्ये स्टेअरिंग फिरवायला दोन्ही हातांचा जोर लागतो.
- सरळ रस्त्यावर गाडी भटकते, ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्या पकडून त्यांच्याच मागे जाऊ पाहते.
- साधारण ८० ते १०० च्या वेगात स्टेअरिंग थरथरतं, त्याच्या आधी आणि नंतर शांत.
- निघाल्यावर पहिले काही किलोमीटर धडधड, मग आपोआप बंद.
- ब्रेक न मारताही गाडी एका बाजूला ओढते.
- पूर्ण वळवल्यावर किंवा मागे दोघं बसल्यावर टायर मडगार्डला घासतो.
- स्पीडोमीटर जास्त दाखवतो, इंजिन त्याच वेगाला वर ओरडतं.
- आठवड्याभरात हवा उतरते, पंक्चर सापडत नाही.
- वळणावर मागची बाजू काही न सांगता सुटते. हे असेल तर गाडी तिथेच उभी करा. खालच्या पहिल्या तपासणीत उत्तर सापडण्याची शक्यता बरीच आहे.

टायरची बाजू वाचा (खर्च शून्य)

टॉर्च घ्या आणि पाचही टायर वाचा, स्टेपनी धरून. सर्वांत आधी तारीख. लंबगोल चौकटीत चार आकडे असतात: ३४१८ म्हणजे २०१८ सालचा ३४ वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे. मग पुढचं काही वाचू नका, तो टायर काढा. या गाड्या वर्षाला फार चालत नाहीत, त्यामुळे टायर गोटा व्हायची वेळच येत नाही. नक्षी खोल आणि रबर मेलेलं, अशी अवस्था असते. कडक झालेलं रबर कोरड्या रस्त्यावर फसवतं आणि ओल्यावर सोडून देतं. माझा नियम सरळ आहे: सहा वर्षांनंतर दर वर्षी बाजूच्या भेगा बघायच्या, आणि दहा झाली की नक्षी कितीही असली तरी बाहेर.

मग बांधणी, म्हणजे टायरच्या आतले धागे कसे टाकलेत ते: रेडियलमध्ये सरळ आडवे, क्रॉसप्लायमध्ये एकमेकांवर तिरके. साइजमध्ये 'आर' किंवा बाजूला 'रेडियल' लिहिलेलं नसेल तर टायर क्रॉसप्लाय आहे. महाराष्ट्रातल्या वाचकांना ही खूण ओळखीची असेल. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचा ५.२०-१४ हा असाच साइज: रुंदी ५.२० इंच, रिम १४ इंची. पद्मिनी मुळात फियाट ११००च, म्हणून आकडेही इटलीतूनच आलेले. पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय ही जोडी सर्वांत धोक्याची. वळणावर क्रॉसप्लाय जास्त घसरत-घसरत पकड घेतो, रेडियल कमी घसरतो. पुढचं टोक घट्ट चिकटलेलं असतं आणि मागचं निघून जातं. वर मागची बाजू 'काही न सांगता सुटते' म्हटलं, त्याचं हे एक मोठं कारण. मागे रेडियल आणि पुढे क्रॉसप्लाय कमी वाईट, पण मी तीही जोडी गॅरेजातून बाहेर जाऊ देत नाही. चारही एकाच जातीचे हवेत.

तिसरी गोष्ट अनुभवी टायरवाल्याच्याही हातून सुटते. मिशेलिनचा एक्सएएस, १९६५च्या सुमाराला आलेला, असममित नक्षीचा टायर आहे. त्याची बाहेरची बाजू बाहेरच यावी लागते आणि तसं बाजूवर लिहिलेलं असतं. साठ-सत्तरच्या दशकातल्या कितीतरी आल्फांना हा टायर शोभतो आणि आजही नव्याने बनतो. चारांतला एक उलटा बसला तर गाडी ओढते आणि अलाइनमेंटवर पैसे खर्चूनही ओढतच राहते.

हवा

टायर थंड असताना मोजा, आणि आकडा गाडीच्या मूळ पुस्तिकेतला घ्या. जुन्या इटालियन पुस्तिका हवा किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये देतात. एक किलो म्हणजे साधारण १४.२ पीएसआय. पुढच्या आणि मागच्या आकड्यातला फरक मुद्दाम ठेवलेला असतो, तेव्हा पंपावरच्या पोराला 'सगळीकडे तीस' सांगू नका.

एक अडचण मात्र आहे. तो आकडा त्या काळच्या टायरसाठी आहे: उंच बाजू, अरुंद पट्टा. तुम्ही ७० प्रोफाइलचा (बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के) टायर टाकला असेल तर पुस्तिकेचा आकडा फक्त सुरुवात. त्यावर ०.२ बार (एक बार म्हणजे जवळपास एक किलोच) चढवा आणि खडूची परीक्षा घ्या. टायरच्या पट्ट्यावर आडवी खडूची रेघ ओढायची, शे-दोनशे मीटर सरळ जायचं, उतरून बघायचं. रेघ मध्येच पुसली तर हवा जास्त, दोन्ही कडांना पुसली तर कमी. जड स्टेअरिंगच्या तक्रारींतल्या बऱ्याच इथेच मिटतात.

चाकं अदलाबदल करून बघा

जॅक आणि पाना एवढंच लागतं. गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. गाडी ओढत असेल तर पुढची दोन चाकं डावी-उजवी बदला. ओढण्याची दिशा बदलली तर दोष टायरमध्ये आहे, तशीच राहिली तर ब्रेक किंवा अलाइनमेंट बघा. टायरवर फिरण्याचा बाण असेल तर मात्र हा खेळ करता येत नाही.

थरथर असेल तर पुढची चाकं मागे न्या. थरथर स्टेअरिंगमधून सीटमध्ये आली, तर तिनं चाकाबरोबर प्रवास केला आणि तुमचं निदान झालं. पहिल्या काही किलोमीटरची धडधड म्हणजे गाडी महिनोन्‌महिने एकाच जागी उभी राहून टायरला पडलेला चपटा भाग. टायर गरम झाल्यावर तो भरून येतो. अर्धा तास चालवूनही धडधड गेली नाही तर टायर कायमचा बसला आहे.

साइजचा हिशेब: इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो

आल्फा रोमिओ १७५० जीटीव्ही घ्या. तिच्या कागदावर १६५ एचआर १४ लिहिलेलं असतं: रुंदी १६५ मिमी, 'एच' वेगाचं अक्षर, 'आर' रेडियल, रिम १४ इंची. उंचीचा टक्का लिहिलेलाच नाही, कारण त्या काळी रेडियलची बाजू रुंदीच्या सुमारे ८० ते ८२ टक्के हे गृहीतच होतं. ८२ धरून हिशेब: १६५ गुणिले ०.८२, दोन्ही बाजू मिळून सुमारे २७१ मिमी. त्यात १४ इंची रिमचे ३५६ मिळवा, चाकाचा व्यास आला ६२६ मिमी.

आता दुकानात सहज मिळणारा १९५/६० आर १४ बघा. दोन्ही बाजू २३४, व्यास ५९०. म्हणजे चाक जवळजवळ सहा टक्क्यांनी लहान. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी ९४ च्या आसपास असेल, प्रत्येक गिअरमध्ये इंजिन जास्त फिरेल आणि गाडी १८ मिमी खाली बसेल. मोबाइलच्या जीपीएसशी काटा ताडून बघा, फुकटात पुरावा मिळतो. १८५/७० आर १४ घेतला तर व्यास ६१५ च्या आसपास, फरक दोन टक्क्यांच्या आत. दिसायला जरा रुंद, पण गाडी तो सांभाळते. मूळ साइज मिळत नसेल तर त्याला माझा विरोध नाही.

व्यास जुळला म्हणजे काम झालं, असं समजू नका. आधीची गिउलिया स्प्रिंट जीटी, १९६३ ची, १५५-१५ वर धावायची. व्यास सुमारे ६३५ मिमी. आजचा १९५/६५ आर १५ हा कुठल्याही दुकानात पडलेला साइज, आणि त्याचा व्यासही ६३५ च्या आसपास. दुकानदार कॅल्क्युलेटर दाखवतो, स्पीडोमीटर अचूक येतो, मालक खूश. पण त्या गाडीची रिम साडेचार इंच रुंद आहे आणि १९५/६५ ला किमान साडेपाच इंची लागते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या बाजू आत ओढल्या जातात, मधला पट्टा फुगतो आणि वळणावर टायर रिमवर लोळतो. तुम्ही स्टेअरिंग फिरवता, गाडी क्षणभर विचार करते, मग वळते. वर ४० मिमी जास्त रबर रस्त्याला घासतं, म्हणून स्टेअरिंग जड. हा सगळा भार पॉवर स्टेअरिंग नसलेल्या गाडीच्या बॉक्सवर, आयडलर आर्मवर आणि व्हील बेअरिंगवर पडतो. भटकणं, चाकोऱ्या पकडणं, घासणं ही तीन लक्षणं एकत्र आली की मी आधी टेप घेऊन रिमची रुंदी मोजतो.

फियाट १२४ स्पोर्ट स्पायडरला १६५ आर १३ हवा. तिथे १८५/७० आर १३ चालतो, व्यासात फरक दोन टक्के. जुन्या लान्चा ऑरेलियाला १६५-४००, आणि हे ४०० मिलिमीटर आहेत. म्हणजे १५.७५ इंच: पंधराही नाही, सोळाही नाही. सोळा इंची टायर वर सरकतो, पण कडेला नीट बसत नाही. कुणी 'बसवून देतो' म्हणालं तर चाक उचलून घरी या. हाच नियम ऐंशीच्या दशकातल्या ३९० आणि ४१५ मिमीच्या टीआरएक्स (मिशेलिनची मिलिमीटरी मापाची रिम-टायर जोडी) रिमांना. फेरारी मोंदियाल ८ आणि सुरुवातीच्या तेस्तारोस्सावर त्या होत्या. टीआरएक्स रिमवर टीआरएक्सच.

ट्यूब आणि रिम

आठवड्यात हवा उतरते, पंक्चर नाही, तर बहुधा ट्यूबलेस टायर ट्यूबच्या रिमवर बसवलेला आहे. बोरानी कंपनीच्या तारांच्या चाकांत प्रत्येक तारेचं टोक रिममध्ये भोक पाडून बसतं. तिथे ट्यूब हवीच. जुन्या लोखंडी रिमांचं दुखणं वेगळं. आधुनिक रिमच्या कडेला आत एक उंचवटा असतो, तो टायरची कड जागेवर धरून ठेवतो. कितीतरी जुन्या रिमांना तो नसतो. हवा थोडी कमी असताना जोरात वळण घेतलं की कड सटकून रिमच्या खोबणीत पडते आणि सगळी हवा एका क्षणात जाते. ट्यूब असेल तर हवा निदान लगेच जात नाही.

पण ट्यूब घालताना टायरच्या आतला कागदी स्टिकर सोलून काढा आणि आत बोट फिरवून बघा. आतल्या उठलेल्या रेघा आणि स्टिकर ट्यूबला घासत राहतात आणि काही महिन्यांनी कारण न कळणारं पंक्चर होतं. ट्यूब रेडियलसाठीच आणि त्याच साइजची घ्या. मोठी ट्यूब घडी पडून फाटते.

तारांचं चाक असेल तर पान्याने प्रत्येक तार हलकेच ठोकून ऐका. घट्ट तार खणखणते, ढिली बद्द वाजते. ढिल्या सापडल्या तर त्या स्वतः आवळायच्या नाहीत. एक आवळली की रिम दुसरीकडे ओढली जाते.

बॅलन्सिंग

८० ते १०० ची थरथर बहुतेक वेळा बॅलन्सिंगचीच असते, आणि बॅलन्सिंग केल्यावरही ती राहिली तर चूक मशीनवर चाक कसं धरलं त्याची असते. आजची मशीनं चाक मधल्या गोल भोकावर धरतात. तारांचं चाक ज्या तिरक्या कडांवर हबवर बसतं, त्याच कडांवर मशीनवर बसलं पाहिजे, त्यासाठी खास कोन लागतात. ते नसतील तर मशीन शून्य दाखवेल आणि चाक थरथरेल. टायरवाल्याला आधी विचारा: कोन आहेत का? उत्तर गोलमोल आलं की दुसरं दुकान.

कॅम्पान्योलो कंपनीची मॅग्नेशियमची चाकं असतील तर कडेला हातोडीने ठोकायची वजनं नकोत, आतून चिकटवायची घ्या. रंग उडालेल्या जागी मॅग्नेशियम गंजतं, आणि तो गंज टायरच्या कडेखाली लपतो.

इथे थांबा

पुढच्या गोष्टी घरी करायच्या नाहीत, नेहमीच्या पंक्चरवाल्याकडेही नाहीत:

मॅग्नेशियमच्या चाकावर केसाएवढी जरी रेघ दिसली, तरी ते चाक गाडीवर चढवू नका. रेघ खरवड आहे की तडा, हे डोळ्यांनी ठरत नाही. रंगद्रव्याची किंवा क्ष-किरणांची तपासणी करणाऱ्याकडे द्या. दुरुस्तीपेक्षा नवं चाक घेण्याचा सल्ला मिळाला तर ऐका.

टायरच्या बाजूला फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले आहेत. गाडी ट्रकवर घालून न्या.

गाडी स्टँडवर घेऊन पुढचं चाक वरून-खालून धरून हलवा. खेळ असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. तो मेकॅनिकचा विषय आहे, टायरचा नाही. तारांच्या चाकाची गाडी पुढे-मागे करताना हबमध्ये टक असा आवाज येत असेल तर खाचा झिजल्या आहेत. त्याच दिवशी चालवणं बंद.

अलाइनमेंट शेवटी करा, आणि जुन्या आल्फाचं काम ठाऊक असलेल्या माणसाकडे. १०५ मालिकेच्या गाड्यांत (वरच्या गिउलिया आणि जीटीव्ही त्यातल्याच) कॅस्टर, म्हणजे चाक वळण्याच्या अक्षाचा पुढे-मागे कल, वरच्या रॉडच्या लांबीने बदलतो. कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, मात्र मुळात बदलायची सोयच नाही. मशीनवर कॅम्बर लाल दिसला म्हणून भाग वाकवून 'हिरवा' करणारे लोक आहेत.

मग घ्यायचा कोणता

काळाला धरून टायर घ्यायचा म्हणजे जुन्या साठ्यातला 'नवा' टायर घ्यायचा नाही. चाळीस वर्षं गोदामात राहिलेलं रबर फक्त काचेच्या कपाटात शोभतं. त्याच नक्षीचे, त्याच साइजचे टायर आज नव्या रबरात बनतात. पिरेली चिंतुरातोचे सीए ६७, सीएन ७२, सीएन ३६, सीएन १२ आणि पी ७, मिशेलिनचे एक्सएएस आणि एक्सडब्ल्यूएक्स. साध्या टायरच्या कितीतरी पट पैसे पडतात, हे खरं. तेवढे द्यायचे नसतील तर व्हरेडेस्टीन स्प्रिंट क्लासिकसारखा पर्याय आहे. बाजू उंच, रुंदी योग्य, नक्षी जुन्या वळणाची. माझ्या मते साइज आणि उंची आधी, नाव नंतर. १६५ चा साधा टायर वरच्या १७५० आल्फाला १९५ च्या महागड्या टायरपेक्षा चांगला.

ढोबळ जोड्या अशा: साठच्या दशकातल्या आल्फा आणि फियाटला सीए ६७ किंवा एक्सएएस. दिनो २४६ ला २०५/७० व्हीआर १४, एक्सडब्ल्यूएक्स. फेरारी डेटोनाला २१५/७० व्हीआर १५, एक्सडब्ल्यूएक्स. लॅम्बोर्गिनी कूंताश एलपी ४०० वर पुढे २०५/७० आणि मागे २१५/७०, दोन्ही १४ इंची. पण १९७८ च्या एलपी ४०० एसवर मागे ३४५/३५ आर १५ चा पी ७. एकाच नावाच्या दोन गाड्या, चार वर्षांच्या अंतराने, आणि एकीचा टायर दुसरीला चालत नाही.

वेगाच्या अक्षराकडे लक्ष द्या. जुन्या 'व्हीआर'चा अर्थ होता २१० च्या वर, वरची मर्यादा नाही. आजचा 'व्ही' २४० ला थांबतो, 'एच' २१० ला, 'डब्ल्यू' २७० ला. डेटोनासारख्या गाडीला आजचा 'व्ही' पुरत नाही, निदान 'डब्ल्यू' घ्या. तुम्ही तेवढी पळवणार नाही हे मला माहीत आहे, पण इटलीत टायरचं अक्षर गाडीच्या कागदावरच्यापेक्षा खालचं असेल किंवा साइज कागदाशी जुळला नाही तर तपासणीत गाडी अडते.

नवे बसवल्यावर पन्नास किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा, टॉर्क पान्याने. फियाटच्या चाकांना नट नसतात, बोल्ट असतात. चाक बदललं असेल तर बोल्टची लांबी आणि डोक्याखालचा कोन नव्या चाकाशी जुळतो ना ते आधी बघा. पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरमध्ये नव्या टायरवरचा गुळगुळीत थर जाईपर्यंत पावसात वळणं सांभाळून घ्या.

आणि डिकी उघडून स्टेपनी बघा. बऱ्याच गाड्यांत तिथे कारखान्यातून आलेला मूळ टायर अजून असतो, दिसायला कोरा. तो भिंतीवर टांगा आणि त्या जागी तुम्ही चार चाकांना घेतला तसाच पाचवा ठेवा.